सोनोग्राफी नॉर्मल, मग दुखते काहून?

या वेळचं पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातून आलं आहे. नाव-गाव गाळून, थोडं कमी करून देते.

“मॅडम, माझं वय २७. आठवीत पाळी आली तेव्हापासून पोट दुखते. आई म्हणे लग्न झालं की थांबते. लग्न झालं. मग म्हणे लेकरू झालं की थांबते. मुलगी आता पाच वर्षांची आहे. ती अंगावर पीत होती तोवर बरं होतं. पाळी परत सुरू झाली अन् पहिल्यापेक्षा जास्त दुखायला लागलं. आता चार दिवस आधीपासूनच ओटीपोट अन् कंबर धरते. पाळीत संडासला बसली की डोळ्यांपुढं अंधारी येते. नवऱ्याजवळ जाणंही नको वाटते, आतून दुखते, हे कोणाला सांगू? महिन्यातले बारा-तेरा दिवस असेच जातात. कापूस वेचायला गेली तर वाकता येत नाही, मजुरी बुडते. मेडिकलमधून मेफ्टाल आणते, दिवसाला तीन-चार खाते. दोन वेळा सोनोग्राफी केली, दोन्ही नॉर्मल. इकडचे डॉक्टर म्हणतात पिशवीला सूज आहे, एक लेकरू आहे ना, पिशवी काढून टाका, मोकळ्या व्हाल. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी नव्हतं असलं काही. मोबाईलवर एन्डोमेट्रिओसिस असं वाचलं. तेच असेल का? सोनोग्राफी नॉर्मल आहे तर दुखते काहून? पिशवी काढू का? आम्हाला अजून एक लेकरू पाहिजे, दोन वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. कधी वाटते, मीच नाटक करून राहिली का? अन् माझ्या मुलीलाही हेच होईल का?”

तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून अहो-जाहो करत बसत नाही. हंगामात मजुरी बुडवून कोणी नाटक करत नाही, बाई. त्या शंकेचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच. आता कामाचं बोलू.

पत्र वाचताना काही ओळींखाली मी रेघ ओढली. पाळीत संडासला बसताना दुखणं. संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं. अंगावर पाजत होतीस तोवर आराम आणि पाळीबरोबर पुन्हा तेच. दुसऱ्यांदा दिवस न राहणं. पाळीत पोट दुखतं असं सांगणाऱ्या कितीतरी जणी स्त्रीरोग ओपीडीत येतात. त्यांतल्या बऱ्याच जणींना पहिला-दुसरा दिवस त्रास होतो आणि एखाद्या गोळीनं तो थांबतो. तुझं तसं नाही. या चार गोष्टी एकीतच दिसल्या तर डॉक्टरनं एन्डोमेट्रिओसिसचा विचार करायलाच हवा. पत्रावरून निदान कोणी करू नये, मीही करत नाही. पण तुझा संशय रास्त आहे आणि तो डॉक्टरसमोर स्पष्ट बोलून दाखवायला हरकत नाही.

आजार थोडक्यात सांगते. गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून जातं. या आजारात तशाच जातीच्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात. बीजांडकोशावर, गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेत, पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. पाळीच्या चक्रासोबत तिथंही सूज येते, थोडं रक्त सुटतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग आत दाह होतो, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटू लागतात. गर्भाशय आणि आतडं यांच्या मधल्या जागेत हे झालं की संडासला आणि संबंधाच्या वेळी दुखतं. बीजांडकोशात झालं की जुन्या रक्तानं भरलेली गाठ होते, तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. हा कॅन्सर नव्हे आणि एकीपासून दुसरीला होणारा रोगही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळीच्या वयातल्या साधारण दर दहाजणींत एकीला तो असतो, तेव्हा तुझ्या गावातही तू एकटी नसणार.

का होतो, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. पाळीचं रक्त गर्भाशयाच्या नळ्यांतून उलटं पोटात जातं म्हणून होतो, असा सिद्धान्त अमेरिकेतल्या डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडला. पण तसं थोडं रक्त बहुतेक बायकांच्या पोटात जातं आणि रोग मात्र काहींनाच होतो. त्यामुळे पाळीत आंबट खाल्लं, डोक्यावरून अंघोळ केली, जड ओझं उचललं म्हणून झालं, असं कोणी म्हटलं तर ऐकून सोडून दे. आणि लेकरू झालं की बरं होतं, हेही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना पाळी बंद असते, म्हणून काही जणींना त्या काळात आराम पडतो. आजार तिथंच असतो. तुझ्या आईनं वाईट हेतूनं सांगितलं नाही, तिलाही कोणीतरी तसंच सांगितलं असणार.

आता सोनोग्राफी. तिच्यात गाठ दिसते, सुजलेला बीजांडकोश दिसतो, गर्भाशयाचा आकार दिसतो. पोटाच्या पडद्यावर पसरलेले काही मिलिमीटरचे डाग बहुधा दिसत नाहीत. आणि डाग लहान म्हणून दुखणं लहान, असाही हिशोब नाही. मोठी गाठ असून फारसा त्रास नसलेल्या बायका असतात, आणि बारीक डाग असून अंथरूण धरलेल्याही. तेव्हा नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ‘गाठ दिसली नाही’ एवढाच घे.

तुझे जुने कागद काढ आणि बघ, सोनोग्राफी पोटावरून केली होती की आतून? पाणी पाजून, लघवी रोखायला लावून केली असेल तर ती पोटावरची. योनीमार्गातून करतात तिला टीव्हीएस म्हणतात; तीत गर्भाशयामागचा भाग बराच नीट दिसतो. तुझं लग्न झालं आहे, बाळंतपण झालं आहे, तेव्हा ती करायला अडचण नाही. एक मात्र आहे. करणाऱ्या डॉक्टरला काय शोधायचं ते आधी माहीत हवं. चिठ्ठीवर नुसतं ‘पोटदुखी’ लिहिलं असेल तर तो मूतखडा, अपेंडिक्स, गाठ एवढं बघून नॉर्मल लिहितो, आणि त्याला विचारलं होतं तेवढं त्यानं बघितलेलं असतं. चिठ्ठीवर ‘एन्डोमेट्रिओसिसचा संशय’ लिहून घे. मग तो गर्भाशय मागच्या आतड्यावरून मोकळं सरकतं की चिकटून बसलं आहे, हेही तपासतो. त्याच वेळी दोन्ही किडन्या बघायला सांग, कारण आजार खोल असला तर मूत्रनलिका दाबली जाते आणि किडनीचं नुकसान बाहेर काहीच न दाखवता होतं. गरज वाटली तर पुढं एमआरआय. सीए-१२५ नावाची रक्ततपासणी कोणी लिहून दिली तर निदानाला तिचा उपयोग नाही. ते पैसे वाचव.

राहिली दुर्बीण, म्हणजे लॅपरोस्कोपी. दुर्बिणीनं पोटात बघून, तुकडा तपासून मगच आजाराचं नाव लावायचं, अशी पूर्वी रीत होती. त्यापायी बायकांची वर्षं जायची. युरोपातल्या मानवी प्रजनन आणि गर्भशास्त्राच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ही रीत सैल केली. आता लक्षणं, तपासणी आणि सोनोग्राफी यांवरून संशय पक्का झाला तर औषध सुरू करता येतं. सोनोग्राफी-एमआरआयच्या चित्रात काही दिसत नसेल, औषध लागू पडत नसेल किंवा देता येत नसेल तेव्हा दुर्बीण. तुझ्या बाबतीत ती लवकर लागेल असं मला वाटतं. कारण पुढं सांगते.

त्याआधी, आपल्या भागात दुसरे आजारही असेच दुखतात. पिशवीचा टीबी आपल्याकडे आहेच. ओटीपोट दुखतं, पाळी कमी होत जाते, मूल राहत नाही, कधी बारीक ताप आणि वजन उतरणं. जंतुसंसर्ग झाला तर पांढरं पाणी वास मारतं, ताप येतो. अस्तर गर्भाशयाच्याच भिंतीत घुसलं तर त्याला अॅडेनोमायोसिस म्हणतात. त्यात रक्त फार जातं. आणि सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भात तो खूप आहे, तो फक्त गडचिरोलीचा आजार आहे असं समजू नको. सिकलसेलच्या रुग्णाला पाळीच्या सुमारास हाडं, सांधे, पोट असं सगळं अंग धरून येतं. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ पासून सुरू आहे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. घरात कोणाला असेल किंवा तुझी कधी झालीच नसेल तर करून घे. पुढच्या गोळ्यांशीही तिचा संबंध आहे. सिकलसेलचा रुग्ण असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या बहुधा टाळतात, रक्ताच्या गुठळीचा धोका असतो म्हणून.

जायचं कुठं? राळेगाव तालुक्यातून यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि वर्ध्याजवळचं सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल, दोन्ही आवाक्यात आहेत. वर्ध्याजवळच सावंगीचं हॉस्पिटलही आहे. तिथल्या डॉक्टरांनी पुढं पाठवलं तर नागपूरला मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध तिकीट आहे, म्हणून सोबत नवरा आला तरी खर्च फार वाढत नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं जा. स्त्रीरोग ओपीडीची गर्दी दहानंतर आवरत नाही. आधार, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड असेल तर तेही, आणि सगळे जुने कागद, नॉर्मल आलेलेही. भरती किंवा ऑपरेशनची गोष्ट निघाली की आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या सरकारी योजनेच्या माणसाला शोध. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे. तुझं काम त्यात बसतं का हे तोच सांगेल, किंवा १५५३८८ वर विचार.

खरी अडचण डॉक्टरपुढं बसल्यावर येते. मागं रांग, समोर शिकाऊ डॉक्टर, बाजूला तीन जणी. बाई म्हणते, “पाळीत पोट दुखते,” आणि गोळ्या घेऊन परत येते. म्हणून जाण्याआधीच्या दोन पाळ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही. दुखलं त्या तारखेवर शून्य ते दहा यातला आकडा, शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. बाजूला अक्षरं टाक: ‘ग’ म्हणजे गोळी घेतली, ‘म’ म्हणजे मजुरी बुडाली, ‘स’ म्हणजे संडासला दुखलं. रक्त किती जातं, किती पॅड किंवा कापडं भिजली तेही. मोबाईलवर फोटो काढून ने. आणि तोंडानं पहिल्याच वाक्यात सांग: “चौदा वर्षांपासून दुखतं, दर महिन्याला बारा दिवस जातात, पाळीत संडासला आणि संबंधाच्या वेळी आतून दुखतं, दोन वर्षांपासून मूल राहत नाही. एन्डोमेट्रिओसिस असू शकतं का?” बोलायला लाज वाटली तर कागदावर लिहून तो पुढं कर, डॉक्टर वाचतात. सोबतच्या बायकांसमोर संबंधाचं बोलायचं नसेल तर “आतल्या खोलीत सांगते” म्हण. आतून तपासणी करू देण्याला नाही म्हणू नको, पण दुखलं तर थांबायला सांग. कुठं दुखलं हीच त्यांना खूण असते. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसं आधीच सांग.

औषधांचं दोन भागांत सांगते, कारण तुला मूल हवं आहे.

मूल आत्ता नको असतं तर पहिला मार्ग हार्मोनच्या गोळ्यांचा होता. त्यांत डायनोजेस्ट ही रोज एक, २ मिलिग्रॅमची, सलग घ्यायची गोळी आहे, नॉरइथिस्टेरॉन आहे, गर्भनिरोधक गोळ्या सलग घेतात, पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी आहे. यांनी पाळी हलकी होते किंवा थांबते, बाहेरचे डाग शांत राहतात. महालक्ष्मीच्या वेळी किंवा घरच्या लग्नात पाळी पुढं ढकलायला तुम्ही जी गोळी आणता ना, ती याच नॉरइथिस्टेरॉनच्या घरातली. म्हणून तीच मेडिकलमधून आणून महिना महिना खायची नाही. मात्रा वेगळी, आधी बघायच्या गोष्टी वेगळ्या: बीपी, अर्धशिशी, पायाच्या शिरेत गुठळी, लिव्हर. सुरुवातीचे काही महिने मध्येच डाग लागतात, डोकं दुखतं, मन उदास होतं; हे माहीत नसलं की बायका पंधरा दिवसांत गोळी सोडतात आणि लागू पडत नाही म्हणतात. तीनेक महिने द्यावे लागतात. आणि गोळी थांबवली की आजार परत डोकं काढू शकतो, हेही आधीच माहीत असू दे.

पण या सगळ्यांनी त्या काळात दिवस राहत नाहीत. म्हणून तुझ्यासाठी हिशोब बदलतो. आधी दुखणं की आधी मूल, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवायचं आहे. मूल आधी असेल तर दुर्बिणीचा विचार लवकर करावा असं माझं मत आहे. एकाच वेळी डाग दिसतात आणि काढता किंवा जाळता येतात, चिकटलेलं सोडवता येतं, नळ्या मोकळ्या आहेत का कळतं, टीबीसाठी तुकडा घेता येतो. आजार सौम्य असेल तर अशा ऑपरेशननंतर आपोआप दिवस राहण्याची शक्यता वाढते. दोन प्रश्न सर्जनला विचारून ठेव: “फक्त बघणार की त्याच वेळी काढणारही?” आणि “खोल आजार सापडला तर तुम्ही करता की नागपूरला पाठवता?” चांगला सर्जन या प्रश्नांवर रागावत नाही. बीजांडकोशातली गाठ काढताना बीजंही कमी होतात, म्हणून ती काढायची का हे वेगळं बोलून घे.

आणि हो, दोन वर्षं राहत नाही म्हणून तुझ्याच तपासण्या का? नवऱ्याच्या वीर्याची तपासणी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी, आणि ती सगळ्यात शेवटी होते. पहिल्याच खेपेला करून घ्या. एक लेकरू झालं आहे म्हणून तिची गरज नाही, असं नसतं.

आता पिशवी. यावर माझं मत सौम्य नाही. गर्भाशय काढलं की पाळी थांबते. आजाराचे डाग गर्भाशयाच्या बाहेर आहेत, ते काढले नाहीत तर तिथंच राहतात. पिशवी काढून वर पुन्हा ओटीपोट धरून आलेल्या बायका आपल्या भागात हव्या तेवढ्या आहेत. ‘पिशवीला सूज’ हे आजाराचं नाव नाही. ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढं कॅन्सर होईल’ हेही कोणी सांगेल. त्यासाठी गर्भाशयाच्या तोंडाची साधी तपासणी असते, ती केल्याशिवाय कॅन्सरचं नाव घेऊ द्यायचं नाही. बीजांडकोशही काढले तर सत्ताविसाव्या वर्षी पाळी जाण्याचे सगळे परिणाम, हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका, घाम, चिडचिड. ते ठेवले तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या केंद्राच्या सूचना लागू करायला सांगितलं. चाळिशीपुढची, मुलं झालेली, औषधं करून थकलेली बाई असेल, अॅडेनोमायोसिस असेल, तर बाहेरचे डाग काढून सोबत गर्भाशय काढण्याला जागा आहे. तुला दुसरं मूल हवं आहे. विषय संपला. त्या डॉक्टरांशी भांडू नको, “मेडिकल कॉलेजला दाखवून मग सांगतो” म्हण आणि उठ.

तारीख मिळेपर्यंत दुखणं थांबून राहणार नाही. मेफ्टालचं आधी. त्या गोळीत मेफेनामिक अॅसिड आहे, आणि मेफ्टाल स्पास असेल तर डायसायक्लोमिनही. पाळीच्या दुखण्यावर ही चांगली गोळी आहे, पण तू ती दुखणं टोकाला गेल्यावर खातेस. अशी गोळी पाळीच्या आदल्या दिवशी किंवा दुखायची चाहूल लागताच सुरू केली तर कमी लागते. मात्रा डॉक्टरकडून ठरवून घे. दिवसाला किती आणि सलग किती दिवस, हे विचारून लिहून घे. उपाशीपोटी नाही, वेचणीला निघताना भाकर खाऊन मगच. सोबत ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन नाही, सगळी एकाच जातीची आहेत, पोट आणि किडनीवर दुप्पट भार पडतो. २०२३ च्या शेवटी भारतीय औषधसंहिता आयोगानं मेफेनामिक अॅसिडबद्दल इशारा दिला होता: क्वचित कोणाला गोळीनंतर काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी गंभीर अॅलर्जी होते. तसं दिसलं तर गोळी बंद आणि लगेच दवाखाना. आणि डायसायक्लोमिननं घाम कमी येतो. वैशाखात निंबाच्या सावलीतही अंग तापतं आपल्याकडे. त्या दिवसांत ती गोळी खाऊन उन्हात काम म्हणजे उष्माघाताला आमंत्रण.

शेक घे. गरम पाण्याची पिशवी, नसेल तर तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी, ओटीपोटावर आणि कमरेवर, कापड मध्ये ठेवून. ही म्हातारीची समजूत नाही, शेकानं स्नायू सैल होतात आणि पाळीचं दुखणं कमी होतं हे तपासलं गेलेलं आहे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नको. आतडं भरलं की आतलं दुखणं दुणावतं. पाणी, पालेभाजी, रात्री इसबगोल. शेतात आडोसा नाही म्हणून तुम्ही बायका सकाळपासून पाणीच पीत नाही, ते मला ठाऊक आहे. त्यानं लघवीचा आणि संडासचा दोन्ही त्रास वाढतो. कोणाच्या तरी शेतात फाटकं लुगडं बांधून आडोसा करा, चार जणींनी मिळून सांगितलं तर मालक नाही म्हणत नाही.

पाळी नसतानाही दुखतं, त्याचं कारण थोडं वेगळं असू शकतं. रानडुकरांसाठी शेतात लावलेला भोंगा बिघडला की चिमणी बसली तरी वाजायला लागतो. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मज्जातंतूंचं तसं होतं. डाग काढले, पाळी थांबवली तरी थोडं दुखणं मागं राहतं ते यामुळे. तेव्हा ऑपरेशननंतर सगळं एका महिन्यात गेलं नाही तर ‘फुकट गेलं’ म्हणू नको. अशा वेळी मज्जातंतू शांत करणारी वेगळी औषधं असतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही दुखण्याच्या भीतीनं सतत आवळलेले राहतात. त्यासाठी उताणी झोपून, गुडघे उभे करून, पोट फुगेल असा सावकाश श्वास घे आणि सोडताना खालचा भाग सैल सोड. झोपण्याआधी दहा मिनिटं. मोबाईलवर ‘कीगल’ दाखवतात, आवळून धरायचा व्यायाम, तो तुझ्यासाठी नाही. आधीच आवळलेल्याला आणखी आवळल्यानं दुखणं वाढू शकतं. मेडिकल कॉलेजात फिजिओथेरपी विभाग असतो, तिथं पाठवायला सांग.

घरातलं थोडं. नवऱ्याबद्दल तू फार लिहिलं नाहीस, म्हणजे वाईटही लिहिलं नाहीस. त्याला सोबत ने आणि डॉक्टरकडूनच ऐकू दे की संबंधाच्या वेळचं दुखणं हे आजाराचं लक्षण आहे. नाहीतर बायको टाळते एवढंच त्याला दिसतं. दुखत असताना थांबायचं, आणि नंतरही जबरदस्तीनं नाही, हे तू त्याला सांगू शकतेस. सासूबाईंना पटवण्यात शक्ती घालवू नको. त्यांच्या वेळीही असणार. विचारायला कोणी नव्हतं. कागदावर आजाराचं नाव आलं की घरात निम्मं बोलणं आपोआप बंद होतं, हा अनुभव आहे. आणि कधी जगणंच नको वाटलं तर टेलिमानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पाळी चुकली असताना अचानक एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर येऊन पडलीस, ताप येऊन पोट कडक झालं, किंवा तासाला एक पॅड भिजू लागलं, तर कॅलेंडर बाजूला आणि १०८. नळीत राहिलेला गर्भ, पीळ पडलेला बीजांडकोश, यांत तास मोजून असतात.

मुलीचं विचारलंस. आईला किंवा बहिणीला हा आजार असेल तर धोका थोडा वाढतो, पण होईलच असं अजिबात नाही, आणि आज तिच्यासाठी काही तपासायचंही नाही. तिला पाळी येऊन शाळा बुडण्याइतकं दुखू लागलं, तर लग्नाची वाट न बघता तेव्हाच स्त्रीरोग डॉक्टरकडे ने आणि तुझा कागद दाखव. लग्न न झालेल्या मुलीची आतून तपासणी न करताही सोनोग्राफी होते, औषधंही देता येतात. ती कॅलेंडरची पानं मात्र फेकू नको, आणि यवतमाळ-सेवाग्रामला जे सांगतील ते मला कळव. सोनोग्राफी आतून केली की वरून, ते आधी लिही.